एकाच कामाची कापण्याची साधने आणि त्यांची जाहिरात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजी चिरणे हे रोजचे आणि वेळखाऊ काम आहे. ते लवकर उरकावे असे कोणाला वाटले, तर त्यात काहीही गैर नाही. मात्र या साध्या इच्छेच्या आधारावर गेली साठ-सत्तर वर्षे अशी असंख्य साधने विकली गेली आहेत, जी एकच फळ, तेही एकाच आकाराचे, एकाच प्रकारे कापतात आणि चार दिवसांनी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जातात. ती कशी चालतात, कशी विकली जातात आणि त्यांतली कोणती खरोखर घेण्याजोगी आहेत, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

एकाच कामाची साधने म्हणजे नेमकी कोणती?

केळ्याच्या चकत्या पाडणारी प्लास्टिकची चौकट, स्ट्रॉबेरीचे काप करणारा चिमटा, कोथिंबिरीसाठी पाच जोड पात्यांची कात्री, पिझ्झासाठी खाली आधाराची पट्टी लावलेली कात्री, आंब्याची कोय बाजूला काढणारी दुहेरी पात्यांची कडी, ही त्यांची नेहमीची उदाहरणे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर पाककलेचा कार्यक्रम करणारे आल्टन ब्राउन यांनी अशा वस्तूंसाठी ‘युनिटास्कर’ हा शब्द लोकप्रिय केला. आपल्या स्वयंपाकघरात एकाच कामाची एकच वस्तू चालेल आणि ती म्हणजे आग विझवण्याचे नळकांडे, असे ते सांगत असत.

त्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. एखादे साधन एकच काम करते, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. पाहायचे ते इतकेच, की ज्या अडचणीवर ते साधन उपाय म्हणून विकले जाते, ती अडचण त्या पदार्थात खरोखर आहे, की केवळ जाहिरातीत निर्माण केलेली आहे. पुढची बहुतेक उत्तरे याच कसोटीवर दिली आहेत.

केळे कापण्यासाठी खरोखरच वेगळे साधन आहे का?

आहे, आणि ते बरेच प्रसिद्ध आहे. हट्झलर या अमेरिकन कंपनीची ‘५७१’ क्रमांकाची पिवळी चौकट केळ्यासारखीच वाकडी असून तिच्यात ओळीने आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सोललेल्या केळ्यावर ती ठेवून दाबली, की एका दमात चकत्या पडतात. ऑनलाइन बाजारात लोकांनी या चौकटीवर हजारो विनोदी अभिप्राय लिहिले. आपले केळे उलट्या बाजूला वाकलेले आहे, त्याचे काय करावे, ही त्यांतली एक गाजलेली तक्रार. त्या अभिप्रायांमुळे ही साधी वस्तू जगभर माहीत झाली.

केळ्यात कापायला अवघड असे काहीही नाही. ते सुरीच्या बोथट बाजूने, चमच्याच्या कडेने, अगदी बोटानेही तुटते. शिवाय ही चौकट दुकानात सर्रास मिळणाऱ्या लांब, कॅव्हेंडिश गटातल्या केळ्याच्या मापाची आहे. जळगावकडून येणारे ग्रँड नैन जातीचे केळे त्याच गटातले असल्यामुळे ते तिच्यात बेताने बसते. वेलची केळे ठेवले, तर मधल्या चार-पाच पट्ट्याच कामाला येतात आणि राजेळी केळे दोन्ही बाजूंनी बाहेर राहते. मऊ केळ्याचा गर पट्ट्यांमध्ये अडकतो आणि प्रत्येक फट वेगळी धुवावी लागते. सुरी मात्र एकदा नळाखाली धरली, की स्वच्छ होते.

तरीही या चौकटीचा एक उपयोग मान्य केला पाहिजे. ज्या लहान मुलाच्या हातात सुरी देता येत नाही, त्याला तिच्या साहाय्याने स्वतःचे फळ स्वतः कापता येते. माझ्या मते हे विकत घेण्याचे पुरेसे कारण आहे. जाहिरातीत मात्र भर दिला जातो तो मोठ्या माणसाचा वेळ वाचवण्यावर.

ही विक्रीची पद्धत आली कुठून?

तिचा एक मोठा प्रवाह शिकागोच्या पोपील कुटुंबापर्यंत जातो. सॅम्युएल पोपील यांनी चॉप-ओ-मॅटिक आणि त्यानंतर १९६०च्या दशकात व्हेज-ओ-मॅटिक ही हाताने चालणारी साधने बाजारात आणली. व्हेज-ओ-मॅटिकमध्ये समांतर पात्यांच्या दोन कड्या एकावर एक बसवलेल्या असत. वरची कडी फिरवली, की पाती एकमेकींना आडवी येत आणि वरून दाबलेल्या बटाट्याच्या चकत्यांऐवजी लांब तुकडे पडत. त्यांचे चिरंजीव रॉन पोपील बाजारात आणि दुकानांत उभे राहून लोकांसमोर भाज्या कापून दाखवत, आणि हेच प्रात्यक्षिक त्यांनी पुढे दूरचित्रवाणीवर नेले. त्यांना १९९३ साली इग नोबेल हे नोबेलच्या धर्तीवरचे विनोदी पारितोषिक मिळाले आणि २०२१ साली त्यांचे निधन झाले. व्हेज-ओ-मॅटिक आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

दुसरे वळण १९८४ साली आले. दूरचित्रवाणीवर किती वेळ जाहिराती दाखवता येतील, यावरची बंधने अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्या वर्षी उठवली. त्यामुळे अर्धा-अर्धा तास चालणारी, कार्यक्रमासारखीच दिसणारी जाहिरात शक्य झाली. रात्री उशिराचा स्वस्त वेळ विकत घ्यायचा, त्यात एकच वस्तू पुन्हा पुन्हा वापरून दाखवायची आणि पडद्यावर दूरध्वनी क्रमांक ठेवायचा, ही पद्धत तेव्हापासून पक्की झाली. आपल्याकडे १९९०च्या दशकात खासगी वाहिन्यांवर आलेली टेलिशॉपिंगची सत्रे याच साच्यातली होती, आणि आज मोबाइलवर दिसणाऱ्या वीस सेकंदांच्या चित्रफितीही याच घराण्यातल्या आहेत.

पत्र्याचा डबा कापून लगेच टोमॅटो कापणारी सुरी खरोखर इतकी धारदार होती का?

ही जिन्सू नावाच्या सुरीची १९७८ची जाहिरात. बॅरी बेकर आणि एड व्हॅलेंटी या दोघांनी ऱ्होड आयलंडमधून ती विकली. सुरी अमेरिकेतच, ओहायो राज्यातल्या फ्रीमाँट गावी तयार होत होती. नाव जपानी वाटावे असे घडवलेले होते, जपानी भाषेत त्याला काही अर्थ नाही. जाहिरातीच्या आरंभी एक हात कराटेच्या फटक्याने लाकडी फळी तोडतो, तोच हात मग टोमॅटोवर पडतो आणि टोमॅटोचा चिखल होतो. त्यानंतर सुरी येते, डबा कापते आणि त्याच पात्याने टोमॅटोची पातळ चकती काढून दाखवते.

या प्रात्यक्षिकात फसवाफसवी नव्हती. ते नेमके काय सिद्ध करते, एवढेच प्रेक्षकाला सांगितले जात नव्हते. या पात्याला करवतीसारखे दात होते. अशा पात्याने कठीण वस्तू कापताना मुख्यतः दातांची टोके घासली जातात आणि दोन दातांमधल्या खोलगट भागातली धार बरीचशी शाबूत राहते. पेयाच्या डब्याचा पत्रा अत्यंत पातळ असतो, त्यामुळे तो फाडायला फार धार लागतही नाही. टोमॅटोची साल गुळगुळीत आणि ताणलेली असल्याने सपाट बोथट सुरी तिच्यावरून घसरते, पण दातांचे टोक मात्र सालीत चटकन रुतते. म्हणजे डबा आणि टोमॅटो या दोन्ही वस्तू दातेरी पात्याला सोयीच्या म्हणूनच निवडल्या होत्या. कांदा बारीक चिरणे, मांस पातळ कापणे किंवा कोथिंबीर न चेचता चिरणे, हे सपाट धारेचे काम त्या प्रात्यक्षिकात कुठेच नव्हते. शिवाय दातेरी पाते बोथट झाले, की त्याला घरच्या दगडावर नीट धार लावता येत नाही.

जाहिरातीतल्या माणसाला साधी सुरीसुद्धा का धरता येत नाही?

कारण विकायचे साधन त्यानंतर येणार असते. या जाहिरातींचा पहिला भाग जवळजवळ नेहमी सारखाच असतो. चित्र कृष्णधवल होते, बाई बोथट सुरीने टोमॅटो दाबून फोडते, कांद्याने डोळ्यांतून धारा लागतात, बोट कापले जाते, भांडे कलंडते आणि ती कपाळाला हात लावते. मग रंग येतात, नवी वस्तू येते आणि सगळे सुरळीत होते.

या भागाचा मला मनापासून राग येतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी अंधाऱ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरात, विळीवर बसून दहा-दहा माणसांची भाजी चिरली आणि त्यांचे हात तरबेज झाले. ते कौशल्य कोणालाही महिनाभराच्या सवयीने येऊ शकते. ही जाहिरात मात्र आपल्याला पटवून देते, की आपले हात या कामाच्या लायकीचेच नाहीत. एकदा ते पटले, की केळ्यासाठी एक, अंड्यासाठी एक आणि मिरचीसाठी एक साधन विकणे सोपे जाते.

प्रदर्शनात समोर कापून दाखवले, म्हणूनच घेतले. घरी का चालत नाही?

आमच्या गावच्या यात्रेत अशा साधनाचे प्रात्यक्षिक मी एकदा अर्धा तास उभे राहून पाहिले. विक्रेता गडी मोठा वाकबगार होता. त्याच्यासमोरचे बटाटे सगळे मध्यम आणि एकसारखे, गाजरे जाड आणि ताजी, काकडी कडक. प्रत्येक वस्तूचा एक काप त्याने आधीच काढून ठेवलेला होता, त्यामुळे ती साधनावर सपाट बसत होती. टोमॅटो मात्र त्याच्या टोपलीत एकही नव्हता. मी ते साधन घेतले. घरी पहिल्या दिवशी त्यावर पिकलेला टोमॅटो दाबला, तर रस ओट्यावर आणि साल पात्यांत राहिली. दुसऱ्या आठवड्यात रताळे दाबताना चौकटीची एक बाजू तडकली.

याचे कारण साधे आहे. सुरी कापते ती दाबल्याने आणि ओढल्याने, दोन्हींनी मिळून. पाते पुढे-मागे सरकले, की कापायला लागणारा जोर पुष्कळ कमी होतो. चौकटीच्या साधनात पाते सरकत नाही. केवळ दाब असतो, आणि तोही एकाच वेळी आठ-दहा पात्यांवर वाटला गेलेला. पदार्थ कडक असला तर चौकटीवर ताण येतो आणि मऊ असला तर साल तुटण्याआधीच गर चेपला जातो. मधल्या कडकपणाच्या भाजीवर ते उत्तम चालते आणि विक्रेत्याच्या टोपलीत नेमक्या त्याच भाज्या असतात. कोणतेही साधन घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या हाती आपल्या पिशवीतली भाजी द्यावी आणि तीच कापून दाखवायला सांगावे.

आंब्याची कोय काढणारे साधन हापूसवर चालेल का?

बहुधा समाधान होणार नाही. परदेशी दुकानांत मिळणारे आंबे बरेचदा मोठे, टणक आणि दूरच्या प्रवासासाठी निवडलेल्या जातींचे असतात. या साधनातल्या लांबट कडीचे माप ठरलेले असते आणि कोय त्याहून जाड निघाली, तर पाती कोयीवरच अडतात. कोय लहान असेल, तर बोटभर जाडीचा गर तिच्याभोवती राहून जातो. पिकलेला हापूस वरून जोर देऊन दाबण्याचे फळ नव्हे. देठ वर धरून कोयीच्या सपाट बाजूंना लागून सुरीने दोन उभे काप घेतले, की दोन गाल मोकळे होतात आणि उरलेली कोय चोखायला मिळते. परदेशात राहणारे अनेक मराठी वाचक हा प्रश्न विचारतात, त्यांनाही हेच सांगणे आहे.

मग अडकित्तासुद्धा एकाच कामाचा नाही का?

आहे, आणि म्हणूनच तो या विषयातले सर्वांत चांगले उदाहरण आहे. वाळलेली सुपारी कठीण, गोल आणि गुळगुळीत असते. सुरीने ती कापायला गेले, तर पाते घसरते आणि बोटावर येते. अडकित्त्यात बिजागरी एका टोकाला, सुपारी तिच्याजवळ मध्ये आणि हाताचा दाब दुसऱ्या टोकाला अशी रचना असल्यामुळे मुठीचा जोर कित्येक पटींनी वाढून सुपारीवर पडतो. वरच्या पात्याला धार असते आणि खालची बाजू सुपारीला आधार देते. जोर हवा तसा आवरता येत असल्याने त्याच अडकित्त्याने जाड खांडेही करता येतात आणि कागदासारखी पातळ कातरलेली सुपारीही काढता येते. येथे अडचण खरी आहे आणि उत्तरही नेमके आहे.

करंजीचे कातणे याच वर्गातले. कच्च्या पारीवर सुरी ओढली, तर पीठ पात्याबरोबर ओढले जाते. कातण्याचे चाक मात्र फिरत पुढे जाते, त्यामुळे पारी जागची हलत नाही. उकडलेले अंडे तारांनी कापण्याचे साधनही मी योग्यच मानतो, कारण रुंद पात्याला बलक चिकटतो आणि बारीक तारेला चिकटण्यापुरती जागाच नसते.

विळीची गोष्ट याहून वेगळी आहे. तळकोकणात जिला आडाळो म्हणतात, ती विळी पाते स्थिर ठेवते आणि भाजी हलवते, त्यामुळे दोन्ही हात भाजीला मिळतात. भोपळा फोडणे, मासळी कापणे, पालेभाजी बारीक चिरणे, फणसाच्या फोडी करणे आणि टोकाच्या खोवणीवर नारळ खोवणे, ही सगळी कामे एकाच वस्तूवर होतात. विळीला कधी जाहिरात लागली नाही, ती आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे गेली. मात्र तिच्यासाठी खाली बसावे लागते, आणि गुडघे दुखणाऱ्याला किंवा ओट्यापाशी उभे राहून काम करणाऱ्याला ती गैरसोयीची आहे, हेही तितकेच खरे.

दोरी ओढण्याचा चॉपर घ्यावा का?

जरूर घ्यावा, जर कांदा, मिरची, शेंगदाणे, गाजर अशा गोष्टी वारंवार बारीक कराव्या लागत असतील. दोरी ओढली, की पाती फिरतात आणि सोडली, की आतली स्प्रिंग दोरी पुन्हा गुंडाळते. वीज लागत नाही, किंमत थोडी असते आणि एका भांड्यात अनेक पदार्थ होतात. तुकडे मात्र एकसारखे पडत नाहीत आणि जास्त वेळा ओढले, तर कांद्याला पाणी सुटते. म्हणून कांदाभजीचा उभा कांदा त्यात होणार नाही. धुताना पाती हातात धरून घासू नयेत, बोट कापण्याचा धोका कापतानापेक्षा धुतानाच जास्त असतो.

संधिवात असलेल्या किंवा एका हाताने काम करणाऱ्या व्यक्तींनी काय करावे?

त्यांनी वरची सगळी टीका बाजूला ठेवावी आणि आपल्या हाताला सोसेल ते साधन निःसंकोच घ्यावे. ज्याची बोटे आखडली आहेत, ज्याला अर्धांगवायूनंतर एकच हात वापरता येतो किंवा ज्याची दृष्टी अधू आहे, त्याच्यासाठी सुरी ही खरोखरची अडचण असते. तळव्याने दाबण्याची चौकट, डोलवत कापण्याची अर्धगोल सुरी, भाजी रोवून धरणारे खिळे असलेला पाट, या वस्तूंमुळे अशा माणसाला स्वतःचे जेवण स्वतः करता येते.

अमेरिकेत सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना हाताचा संधिवात होता आणि नेहमीचे साल काढण्याचे साधन धरताना त्यांना त्रास होई. त्यावरून जाड, मऊ, न निसटणाऱ्या मुठीच्या साधनांची कल्पना पुढे आली आणि १९९०मध्ये ऑक्सो कंपनीची ‘गुड ग्रिप्स’ मालिका बाजारात आली. दुखऱ्या हातासाठी केलेली ती मूठ धडधाकट हातांनाही आवडली.

माझी तक्रार अशी आहे, की कृष्णधवल चित्रात धडपडणारी जी व्यक्ती हसू यावे अशा रीतीने दाखवतात, तशी अडचण असलेली माणसे खरोखर आहेत. त्यांच्यासाठी ही वस्तू आहे, असे सरळ सांगितले, तर कोणाचाच अपमान होणार नाही आणि ती योग्य घरी पोहोचेल.

‘अजून थांबा’ म्हणून एकावर दोन वस्तू देतात, त्यांना परवडते कसे?

अशा वस्तूंमध्ये मोठा खर्च प्लास्टिकच्या साच्याचा असतो. साचा एकदा तयार झाला, की पुढच्या प्रत्येक नगाला फार थोडा खर्च येतो. म्हणून दुसरा नग ‘मोफत’ देणे जड जात नाही आणि काही वेळा त्याचा भार पाठवणावळीतून वसूल होतो. आधी मोठी किंमत सांगून ती खोडणे, मग वस्तूंची रास वाढवत नेणे आणि शेवटी किंमत आणखी उतरवणे, यामुळे ग्राहक वस्तूची तुलना आपल्या गरजेशी न करता आधी ऐकलेल्या आकड्याशी करू लागतो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत हा प्रकार अधिक दिसतो, कारण दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू भेट म्हणून घेताना कोणी फार विचार करत नाही.

जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे वस्तू चालली नाही, तर काय करता येते?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या केलेली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे.

आधी विक्रेत्याला लेखी कळवावे, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही, तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. त्यासाठी बिल, खोक्यावरचा मजकूर आणि जाहिरातीची चित्रफीत जपून ठेवावी. जाहिरात नंतर काढून टाकली जाऊ शकते, म्हणून खरेदीच्याच दिवशी पडद्याचे छायाचित्र घेतलेले बरे.

मग घरात कापण्याच्या किती वस्तू असाव्यात?

हाताला बसणारी एक मोठी सुरी, एक लहान सुरी किंवा सवय असेल तर विळी, साल काढण्याचे साधन, किसणी आणि पावासाठी एक दातेरी सुरी एवढ्यात बहुतेक घरांचे भागते. आपल्या घरी एखादी गोष्ट खरोखर वारंवार होत असेल, तर तिचे साधन वाढवावे. पानसुपारी असलेल्या घरी अडकित्ता हवाच.

सर्वांत मोठा फरक मात्र धारेने पडतो. टोमॅटोचा चिखल होतो तो आपल्या हातामुळे नव्हे, तर सुरी बोथट असल्यामुळे, आणि बोथट सुरीला जास्त जोर लावावा लागत असल्याने ती घसरून बोटावर येण्याचा संभवही अधिक असतो. दगडावर पाणी टाकून सुरी साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात धरावी आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा ओढाव्यात. दगड नसेल, तर चिनी मातीचा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर आठ-दहा वेळा ओढले तरी तात्पुरते काम होते. मग वर्तमानपत्राचा कागद एका हाताने हवेत धरून कडेपासून सुरीने कापून पाहावा. कागद न अडकता, न फाटता सरळ कापला गेला, म्हणजे धार लागली.